स्टार पिचर आणि होतकरू खेळाडू यांची अदलाबदल

मेजर लीग बेसबॉलमध्ये विजेतेपदाच्या आसपास पोहोचलेला संघ नामांकित पिचर मिळवण्यासाठी आपल्या मायनर लीग (खालच्या पायरीच्या) संघांत घडत असलेले होतकरू खेळाडू दुसऱ्या संघाला देतो, तो हा व्यवहार. पिचर म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा. होतकरू, तिकडच्या बोलीत प्रॉस्पेक्ट, म्हणजे मुख्य संघात अजून न रुळलेला तरुण. पिचर देणारा संघ बहुधा गुणतक्त्यात तळाला असतो आणि त्याला नव्याने उभारणी करायची असते. अवघड प्रश्न घेणाऱ्यापुढे असतो : या हंगामातली संधी वाढवण्यासाठी पुढच्या पाच-सहा वर्षांतले किती देऊन टाकायचे? होतकरू राखून ठेवले की जोखीम टळते, अशी एक समजूत चाहत्यांमध्ये आहे. प्रत्यक्ष व्यवहारांचा इतिहास पाहिला तर ती टिकत नाही.

किंमत कशी ठरते

साखळीत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि सामना सुरू करणारे पिचर साधारण पाच असतात. तब्येत धड राहिली तर एक पिचर वर्षाला ३२-३३ सामने सुरू करतो, म्हणजे पाचातल्या चार सामन्यांवर त्याचा थेट परिणाम नसतो. ऑक्टोबरच्या बाद फेरीत हे गणित बदलते. तिथे मध्ये सुट्टीचे दिवस असतात, मालिका तीन, पाच किंवा सात सामन्यांच्या असतात आणि पहिल्या क्रमांकाचा पिचर सात सामन्यांच्या मालिकेत दोनदा, क्वचित तीनदाही उतरवता येतो. बाद फेरी नक्की दिसत असलेल्या संघाला तोच पिचर जास्त मोलाचा वाटतो, याचे कारण हे आहे. चौथ्या स्थानावर रखडलेल्या संघाने तेवढीच किंमत मोजण्यात अर्थ नसतो.

दुसरे माप करारातल्या उरलेल्या वर्षांचे. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडूवर संघाचा हक्क असतो. पहिली तीन वर्षे त्याला बहुधा किमान वेतनाच्या आसपास पगार मिळतो (२०२५ मध्ये हे वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते), पुढची तीन वर्षे पगार लवादाच्या चौकटीत ठरतो आणि त्यानंतर तो मुक्त होतो. अस्सल निघालेला होतकरू म्हणजे संघासाठी सहा वर्षांची स्वस्त सेवा. उलट जुलैमध्ये घेतलेला आणि नोव्हेंबरमध्ये मुक्त होणारा पिचर म्हणजे जेमतेम डझनभर सामने आणि जमले तर बाद फेरी.

पैसा टाकून मुक्त खेळाडू घेण्याचा मार्ग असतोच. डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क यँकीजनी गेरिट कोलला ९ वर्षांसाठी ३२ कोटी ४० लाख डॉलर देऊ केले आणि एकही होतकरू गमावला नाही. पण तो मार्ग हिवाळ्यातला आणि श्रीमंतांचा. मिलवॉकी, कॅन्सस सिटी, पिट्सबर्ग अशा लहान बाजारपेठांतल्या संघांना तो सहसा परवडत नाही. ड्राफ्टमधले (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले) हक्कही अगदी थोडे अपवाद सोडता देता येत नाहीत. त्यामुळे देण्यासारखे चलन उरते ते होतकरूंचेच.

होतकरूंचा भरवसा

पारखी (स्काउट) होतकरूंचे गुण २० ते ८० या मापात मोजतात : चेंडूचा वेग, वळणाऱ्या चेंडूची धार, नेमकेपणा, बॅटीतली ताकद. मायनर लीगच्या सिंगल-एपासून सर्वांत वरच्या ट्रिपल-एपर्यंतच्या पायऱ्यांवर हे गुण तपासले जातात. तरीही १९-२० वर्षांच्या मुलाचे २५व्या वर्षी काय होईल, यावर दोन संघांचे एकमत क्वचितच होते. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, तशी ही बोली चालते.

त्यातही तरुण पिचर सर्वांत बेभरवशाचे, कारण खेळ चालतो कोपरावर. कोपराचा आतला अस्थिबंध फाटला की शस्त्रक्रिया करावी लागते. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर ती पहिल्यांदा केली आणि त्याच्याच नावाने ती ओळखली जाते. तिच्यातून परतायला वर्ष-दीड वर्ष जाते. बोस्टन रेड सॉक्सनी डिसेंबर २०१६ मध्ये क्रिस सेलसाठी शिकागो व्हाइट सॉक्सला चौघे होतकरू दिले, त्यांतला मायकेल कोपेक हा भन्नाट वेगाचा पिचर मेजर लीगमध्ये चार सामने सुरू करतो न करतो तोच त्याच्यावर ही शस्त्रक्रिया झाली. त्या चौघांतला बिनीचा खेळाडू योआन मोंकादा. क्यूबातून आलेल्या या मुलासाठी बोस्टनने ३ कोटी १५ लाख डॉलर आणि तेवढाच कर मोजला होता. त्याची कारकीर्द बरी झाली, पण अपेक्षेइतकी मोठी झाली नाही. सेलने मात्र २०१७ मध्ये ३०८ बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि २०१८च्या वर्ल्ड सिरीजचा (हंगामाच्या अंतिम मालिकेचा) शेवटचा बळीही घेतला. पुढे सेलचा स्वतःचा कोपरही गेला आणि २०२० मध्ये त्याच्यावर तीच शस्त्रक्रिया झाली. म्हणजे शरीराची जोखीम दोन्ही पारड्यांत असते. फरक एवढाच की, स्टार पिचरने मोठ्या मैदानावर काय केले आहे ते सगळ्यांना दिसलेले असते.

डेट्रॉइट, १९८७

या विषयावरचा कोणताही वाद डेट्रॉइट टायगर्सच्या एका व्यवहारावर येऊन थांबतो. १२ ऑगस्ट १९८७ रोजी टायगर्सनी अटलांटा ब्रेव्हजकडून पिचर डॉयल अलेक्झांडर घेतला आणि बदल्यात होतकरू पिचर जॉन स्मोल्ट्झ दिला. अलेक्झांडर ३६ वर्षांचा होता. स्मोल्ट्झ २० वर्षांचा, मिशिगनमध्येच वाढलेला, आणि ग्लेन्स फॉल्स या डबल-ए संघात चार विजय, दहा पराभव असा अडखळत होता. त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा) ५.६८ होता. त्या दिवशीच्या कागदावर हा सौदा महाग दिसत नव्हता.

अलेक्झांडरने टायगर्ससाठी ११ सामने सुरू केले. त्यात नऊ विजय, पराभव एकही नाही, ईआरए १.५३. टोरंटो ब्लू जेजशी शेवटपर्यंत चुरस होती. २ ऑक्टोबरला टोरंटोविरुद्धच्या शेवटच्या तीन सामन्यांच्या मालिकेतला पहिला सामना त्यानेच ४-३ असा जिंकून दिला. ४ तारखेला फ्रँक टनानाने १-० असा शेवट केला आणि डेट्रॉइटने दोन सामन्यांच्या फरकाने विभाग (लीगमधला आपला गट) जिंकला. अलेक्झांडर नसता तर हे विजेतेपद आले नसते, असे म्हणायला अतिशयोक्ती लागत नाही. नंतर मिनेसोटा ट्विन्सनी अमेरिकन लीगच्या (मेजर लीगमधल्या दोन लीगपैकी एकीच्या) अंतिम मालिकेत टायगर्सना ४-१ असे हरवले आणि त्यातले दोन पराभव अलेक्झांडरच्या नावावर गेले. १९८९ मध्ये तो १८ सामने हरला आणि निवृत्त झाला. स्मोल्ट्झने २१३ विजय, १५४ सेव्ह (शेवटी उतरून आघाडी राखल्याच्या नोंदी) आणि ३,०८४ स्ट्राइकआउट जमवले, १९९६चा साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा) पुरस्कार मिळवला आणि २०१५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या मानाच्या दालनात) गेला.

एवढ्यावरून टायगर्सना मूर्ख ठरवण्याची पद्धत आहे. ती अन्यायाची आहे. त्यांना जे हवे होते ते, आणि अपेक्षेपेक्षा जास्तच, त्यांच्या पदरात पडले होते. खरे दुखणे निराळे होते : तो संघ वयस्कर होत चालला होता आणि मागून येणारी फळी विरळ होती. टायगर्स पुन्हा बाद फेरीत दिसले ते थेट २००६ मध्ये. मायनर लीगचे कोठार भरलेले असते तर एक स्मोल्ट्झ देणे त्यांना निभावले असते. दिलेल्या खेळाडूचे पुढे काय झाले यापेक्षा मागे काय उरले, हे आधी पाहायला हवे.

कॅन्सस सिटी : आधी विकणारा, मग घेणारा

कॅन्सस सिटी रॉयल्सनी हा व्यवहार दोन वर्षांत दोन्ही बाजूंनी केला, म्हणून त्यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. २००९चा साय यंग विजेता झॅक ग्राइंकी हरणाऱ्या संघात राहायला तयार नव्हता. डिसेंबर २०१० मध्ये सरव्यवस्थापक डेटन मूर यांनी त्याला मिलवॉकी ब्रूअर्सकडे पाठवले आणि लोरेंझो केन, आल्सिडेस एस्कोबार, जेरेमी जेफ्रेस व जेक ओडोरिझी हे चौघे तरुण घेतले. ब्रूअर्सनी २०११ मध्ये आपला विभाग जिंकला, म्हणजे त्यांचाही हेतू सफल झाला.

डिसेंबर २०१२ मध्ये मूर पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. टँपा बे रेजकडून जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिस घेण्यासाठी त्यांनी विल मायर्स, तोच ओडोरिझी, माइक मॉंटगोमेरी आणि पॅट्रिक लेनर्ड दिले. मायर्स त्या वर्षी मायनर लीगमधला सर्वोत्तम खेळाडू गणला गेला होता आणि शील्ड्सवरचा हक्क फक्त दोन हंगामांचा होता. १९८५ नंतर एकदाही बाद फेरी न पाहिलेल्या संघाने सहा वर्षांचा हक्क असलेला मायर्स देऊन दोन वर्षांचा हक्क असलेला शील्ड्स घ्यावा, याबद्दल मूर यांच्यावर जोरदार टीका झाली. २०१३ मध्ये मायर्स अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला तेव्हा टीकाकारांना आणखी बळ आले.

२०१४ मध्ये रॉयल्स वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यापर्यंत गेले. २०१५ मध्ये शील्ड्स संघ सोडून गेलेला असताना त्यांनी ती जिंकली. डेव्हिस, ज्याला व्यवहारातला जोडीचा माणूस समजले गेले होते, तो रिलीव्हर (सामन्यात मध्येच उतरणारा पिचर) म्हणून दोन हंगाम जवळपास अभेद्य राहिला (ईआरए १.०० आणि ०.९४) आणि शेवटचा बळी त्यानेच घेतला. केन २०१४च्या आणि एस्कोबार २०१५च्या लीग अंतिम मालिकेचा मानकरी ठरला. एक स्टार पिचर देऊन त्यांनी रोजचे खेळाडू मिळवले आणि त्या खेळाडूंचा हंगाम पिकल्यावर पिचर विकत घेतला. वेळ साधणे यालाच म्हणतात. मॉंटगोमेरीचा प्रवासही नोंदवण्याजोगा आहे : टँपाकडून सिएटल, तिथून शिकागो कब्ज, आणि २०१६च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा बळी त्याच्या हातून.

आणखी काही व्यवहार

जुलै २००८ मध्ये मिलवॉकीने क्लीव्हलँडकडून पिचर सीसी सबाथिया घेतला, तो काही महिन्यांनी मुक्त होणार हे माहीत असूनच. त्याने १७ सामन्यांत ११ विजय मिळवले, सात सामने एकट्याने पूर्ण केले आणि शेवटचे तीन सामने तर फक्त तीन-तीन दिवसांच्या विश्रांतीवर फेकले. मिलवॉकीला १९८२ नंतर प्रथमच बाद फेरी मिळाली. क्लीव्हलँडला मिळालेला मुख्य होतकरू मॅट लापोर्टा चमकला नाही. नाव नंतर ठरवायचे या अटीवर मागाहून मिळालेला मायकेल ब्रँटली मात्र वर्षानुवर्षे उत्तम खेळला.

माँट्रिऑल एक्स्पोजनी जून २००२ मध्ये बार्तोलो कोलोनसाठी क्लिफ ली, ग्रेडी साइझमोर आणि ब्रँडन फिलिप्स हे तिघे दिले. पुढे तिघेही ऑल-स्टार (वर्षाच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याचे मानकरी) झाले. पण तेव्हा त्या संघाची मालकी लीगकडेच होती आणि संघ बरखास्त होण्याची भीती होती. उद्याच नसेल तर उद्याचे खेळाडू जपायचे कशाला, हा सरव्यवस्थापक ओमार मिनाया यांचा हिशेब त्या घडीला चुकीचा नव्हता.

पिट्सबर्ग पायरेट्सना ही सबब नाही. जुलै २०१८ मध्ये सलग ११ विजयांच्या भरात त्यांनी क्रिस आर्चर या पिचरसाठी टँपा बे रेजला टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ दिले. आर्चरच्या करारात स्वस्त वर्षे बाकी होती, कागदावर सारे ठीक होते. पण संघ विजेतेपदापासून दूर होता आणि आर्चरचे सर्वोत्तम दिवस मागे पडले होते. २०१९ मध्ये त्याचा ईआरए ५.१९ झाला. टँपा २०२०च्या वर्ल्ड सिरीजला पोहोचला आणि तिचा पहिला सामना ग्लासनाउने सुरू केला.

नियमांचा परिणाम

२०१२ पासून हंगामाच्या मध्यात आलेल्या आणि मुक्त होणाऱ्या खेळाडूबद्दल नव्या संघाला ड्राफ्टमधली भरपाई मिळत नाही, त्यामुळे दोन महिन्यांच्या पिचरसाठी मोठे होतकरू देणे अधिक जड झाले. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी व्यवहारांची मुदत संपायला काही क्षण असताना पिचर जस्टिन व्हर्लँडर ह्यूस्टन ॲस्ट्रोजकडे गेला आणि त्याच वर्षी ह्यूस्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली. तसा ऑगस्टमधला व्यवहार आता शक्य नाही, कारण २०१९ पासून जुलैअखेरच्या सुमाराची एकच मुदत आहे. २०२२ पासून बाद फेरीत १२ संघ असतात. आपण शर्यतीत आहोत असे जुलैमध्ये जास्त संघांना वाटते, विकणारे कमी होतात आणि भाव चढतात. म्हणून बरेच संघ आता हिवाळ्यातच, करारात दोन-तीन वर्षे उरलेला पिचर शोधतात आणि लगेच करार वाढवून घेतात. बोस्टनने डिसेंबर २०२४ मध्ये गॅरेट क्रोशेसाठी चार होतकरू शिकागो व्हाइट सॉक्सला दिले आणि पुढच्या वसंतात त्याच्याशी ६ वर्षांचा १७ कोटी डॉलरचा करार केला.