एसएसआरमधलं उचलून एसएआर होत नाही

चवथीच्या सुट्टीत एसएआर, म्हणजे अभियांत्रिकीसारखे अभ्यासक्रम तपासणाऱ्या एनबीएला द्यायचा स्वमूल्यांकन अहवाल, लिहायला बसलं की कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, नॅकचा एसएसआर तयारच आहे, त्यातलंच उचलूया ना?" एसएसआर म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला दिलेला स्वयं-अध्ययन अहवाल. फोंड्यापासून मडगावपर्यंतच्या ओळखीच्या प्राध्यापकांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकते.

नॅक सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय: अख्खं कॉलेज, सात निकष, आतापर्यंत तरी शेवटी श्रेणी. एनबीए एकेक अभ्यासक्रम तपासते. सिव्हिलचा एसएआर वेगळा, कॉम्प्युटरचा वेगळा. दोन्ही संस्था 1994 च्या. गोवा विद्यापीठाशी संलग्न आणि स्वायत्त नसलेल्या अभियांत्रिकी कॉलेजाने एसएआरसाठी टियर-2 चा नमुना घ्यावा, एवढं आधीच बघा.

खरी गल्लत अटेनमेंटपाशी, म्हणजे ठरवलेलं मुलांना किती साध्य झालं त्यापाशी, होते. एसएसआरमध्ये बराचसा हिशेब आपण काय केलं याचा असतो: कार्यशाळा, शोधनिबंध, सामंजस्य करार. निष्पत्तीचा प्रश्न तिथेही आहे, पण तो दुसऱ्या निकषाच्या एका कोपऱ्यात. एसएआरचा कणाच तो. मुलाला काय यायला हवं होतं, किती आलं, आणि कमी पडलं तिथे तुम्ही काय बदललं?

इथे लोक निकालाची टक्केवारी चिकटवतात. समजा, फ्लुइड मेकॅनिक्सला 60 पैकी 54 मुलं पास झाली. निकाल 90 टक्के. पण पाइपमधली ऊर्जाहानी काढता येणं हा सीओ-3 (सीओ म्हणजे कोर्स आउटकम, विषय शिकून मुलाला यायला हवी ती गोष्ट), आणि त्यावरच्या प्रश्न 3(ब) मध्ये 60 टक्के गुण फक्त 22 जणांना. तुमचं उद्दिष्ट 36 मुलांचं होतं. म्हणजे पास झालेल्यांपैकीही निम्म्याहून जास्त जणांना ही गोष्ट नीट आलेली नाही, आणि 90 टक्क्यांत ते कुठेच दिसत नाही. मग कारण शोधायचं, दोन ट्यूटोरियल वाढवायचे, आणि पुढच्या बॅचचा आकडा शेजारी ठेवायचा. हे चार-पाच ओळींत लिहिलेलं पान मला उद्घाटनाच्या चाळीस फोटोंपेक्षा मोलाचं वाटतं.

उद्दिष्ट गाठलं नाही म्हणून तेच खाली ओढणं मला अजिबात मान्य नाही. प्रत्येक सीओपुढे 3, म्हणजे सर्वांत वरची पातळी, लिहिलेला तक्ता बघितला की तपासणीला आलेल्या समितीतले तज्ज्ञ उत्तरपत्रिका मागवतात, आणि तिथे सगळं उघडं पडतं. कमी आकडा आणि त्यावर केलेला उपाय दाखवायला लाजू नका.

हे सगळं वर्षअखेरीला जमत नाही. प्रश्नपत्रिका काढतानाच प्रत्येक प्रश्नापुढे सीओ लिहा आणि एक्सेलमध्ये गुण प्रश्नवार भरा. नुसती बेरीज भरली असेल तर 3(ब) चे गुण नंतर त्यातून सुटे करता येत नाहीत. गठ्ठे सोडून एकेक पेपर पुन्हा उलटावा लागतो. एका सुट्टीत आम्ही तिघींनी आठवडाभर तेच केलं.