इसबगोल आणि सोनामुखी : दोन्ही म्हणजे ‘चूर्ण’ नव्हे

आमचे एक काका रोज रात्री चमचाभर चूर्ण घेतात आणि वर ऐकवतात, “आपल्याला फायबरची चिंता नाही.” एकदा डबा फिरवून मागचं वाचलं. पहिलंच नाव सोनामुखी. म्हणजे इतकी वर्षं काका फायबर समजून रेचक खातायत. हे एकट्या काकांचं नाही. पोट साफ करणारं ते सगळं फायबर, हा समज घरोघरी आहे आणि मला त्याचा मनापासून कंटाळा आलाय.

इसबगोल तुम्हाला माहीत आहे. गुजरात-राजस्थानात पिकतो, गुजरातमधल्या उंझ्याच्या बाजारातून सगळीकडे जातो, बियांवरची हलकी साल म्हणजे आपली भुसी. नाव फारसी, अर्थ घोड्याचा कान. बी तशी दिसते म्हणून. सोनामुखी म्हणजे सनाय, एका झुडपाची वाळवलेली पानं. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीची प्रसिद्ध. एक साल, एक पान. चव, रंग, किंमत यांतले फरक सोडून द्या, त्यांनी कुणाचं अडत नाही.

अडतं ते इथे. इसबगोल आतड्याला काही सांगत नाही, तो फक्त पाणी धरून बसतो. फुगतो, बुळबुळीत होतो, मळ मऊ आणि भरदार करतो. पुढे ढकलायचं काम आतडं स्वतःच करतं. म्हणून तर जुलाबात दह्यातून आणि बद्धकोष्ठात कोमट पाण्यातून इसबगोलच देतात. लोकांना यात विसंगती वाटते. मुळीच नाही: पाणी जास्त असेल तर तो शोषून घेतो, मळ कोरडा असेल तर त्यात पाणी टिकवतो.

सोनामुखीचं काम उलट्या टोकाचं. तिच्यातली सेनोसाइड नावाची द्रव्यं मोठ्या आतड्यापर्यंत तशीच पोचतात. तिथले जिवाणू ती फोडतात आणि त्यातून जे तयार होतं ते आतड्याला डिवचतं. आतडं जोरात आकुंचन पावतं, पाणी नेहमीसारखं शोषून घेत नाही. मुरडा येतो तो यामुळेच. ‘आतली घाण निघतेय’ वगैरे काही नसतं. चमचाभर पानांत थोडे तंतू, म्हणजे फायबर, असतीलही, पण परिणाम त्यांचा नव्हे.

आणि सगळा घोळ होतो वेळेमुळे. सोनामुखी 6 ते 12 तासांत काम करते: रात्री घेतली, सकाळी हजेरी. इसबगोलला 12 ते 72 तास लागू शकतात. माणूस सोमवारी इसबगोल घेतो, मंगळवारी म्हणतो “हे फायबर काही लागू पडत नाही”, बुधवारी सोनामुखीचा डबा आणतो, गुरुवारी खूश. निष्कर्ष काय, तर हे फायबर जास्त चांगलं! अहो, ते फायबरच नाही.

अडल्यावेळी चार-पाच दिवस सोनामुखी घेण्याला माझा विरोध नाही, डॉक्टरही देतात. विरोध आहे तो ‘नैसर्गिक आहे, रोज घेतली तरी चालते’ या वाक्याला. दीर्घकाळ आणि जास्त घेतली तर जुलाबावाटे पोटॅशियम कमी होऊ शकतं. रक्तदाब किंवा हृदयाची औषधं चालू असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. काही चूर्णांत इसबगोल आणि सोनामुखी दोन्ही असतात, तेव्हा डब्यावरच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका, मागची बारीक यादी वाचा.

इसबगोल मात्र पाण्याशिवाय घेऊ नका. कोरडी भुसी तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणारे मी पाहिलेत; ती घशातच फुगून अडकू शकते. मोठा ग्लासभर पाण्यात ढवळायची, लगेच प्यायची, वर आणखी पाणी. बाकीची औषधं दोनेक तास दूर ठेवा. गिळायला त्रास होणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

तसं पाहिलं तर डब्याची गरज कितपत, हाही प्रश्नच आहे. 2000 कॅलरींच्या आहाराला दिवसाला साधारण 30 ग्रॅम फायबर लागतं. मोठा चमचाभर भुसीतून 4 ग्रॅमच्या आसपास मिळतं. 100 ग्रॅम पेरूत 8 हून जास्त. शंभर ग्रॅम ज्वारीत 10, न चाळलेल्या कणकेत 11, पांढऱ्या तांदळात जेमतेम 3. (ज्वारीच्या भाकरीपुढे पोळीला तुच्छ लेखणाऱ्यांनी हे आकडे परत वाचावेत. दोष पोळीचा नाही, चाळणीचा आणि मैद्याचा.) अख्खे हरभरे तर 25 वर जातात. उसळ एकदम वाढवली तर गॅस होणार, म्हणून हळूहळू वाढवा.

वर्षानुवर्षं सोनामुखी घेणाऱ्यांनी ती कशी सोडायची हे डॉक्टरांना विचारावं. शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल किंवा सवय अचानक बदलली असेल, तर दोन्ही डबे बाजूला ठेवून आधी तपासून घ्यावं.

काकांनी शेवटी इसबगोल आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन : “काही उपयोग नाही गं याचा.” घेऊन नऊ तास झाले होते.