लघवीवरील गर्भचाचणी : दोन रेषांमागचा इतिहास आणि त्यांचे वाचन

खानदेशात पाळी चुकल्यावर पहिली शंका घरातच निघते आणि आता तिचे पहिले उत्तरही बहुधा घरातच मिळते. जळगाव-धुळ्याच्या औषध दुकानातून आणलेली पट्टी असो किंवा धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर आशाताईंनी मोफत दिलेले शासनाचे ‘निश्चय’ किट असो, आतले तंत्र एकच असते. या पट्टीवरच्या रेषा काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे समजण्यासाठी वेष्टणावरच्या सूचनांपेक्षा तिचा इतिहास अधिक उपयोगी पडतो, कारण त्या सूचनांतील काही अटींचे मूळ जुन्या चाचण्यांच्या अडचणींत आहे.

लघवीवरून गर्भ ओळखण्याची सर्वांत जुनी लिखित पद्धत तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधील आहे. स्त्रीने गहू आणि जव यांवर रोज लघवी करावी, दाणे उगवले तर ती गरोदर समजावी, असे तेथील एका पपायरसमध्ये नमूद आहे. नवरात्रात घटाभोवती पेरलेल्या गव्हाला कोंब फुटतात, तशीच ही कल्पना होती. १९६३ मध्ये हा प्रयोग मुद्दाम करून पाहिला गेला, तेव्हा गरोदर स्त्रियांच्या सुमारे ७० टक्के नमुन्यांनी दाणे उगवले. मात्र कोणते धान्य आधी उगवले यावरून मुलगा की मुलगी हे ओळखण्याचा जो दावा होता, तो टिकला नाही.

शास्त्रीय चाचणीचा खरा आरंभ १९२७-२८ मध्ये बर्लिनमध्ये झाला. सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक या दोन डॉक्टरांनी गरोदर स्त्रीची लघवी वयात न आलेल्या उंदराच्या माद्यांना टोचली आणि काही दिवसांनी त्यांची अंडाशये तपासली. गर्भ असेल तर ती अंडाशये मोठी होऊन त्यांत रक्ताचे ठिपके दिसत. एका नमुन्यासाठी अनेक उंदरे मारावी लागत आणि उत्तराला जवळजवळ आठवडा लागे, तरीही निकाल आश्चर्य वाटावे इतके अचूक येत. १९३१ मध्ये अमेरिकेत मॉरिस फ्रीडमन यांनी उंदरांऐवजी ससा वापरून हा अवधी दोन दिवसांवर आणला. ‘ससा मेला म्हणजे बाई गरोदर’ अशी समजूत त्यातूनच तिकडे पसरली; वास्तविक अंडाशय पाहण्यासाठी ससा प्रत्येक वेळी मारलाच जाई, निकाल काहीही असो.

या टप्प्यावर झालेली एक गल्लत पुढच्या साऱ्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. उंदरांच्या अंडाशयांत असा बदल घडवणारे लघवीतील द्रव्य मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून येते, असे आशहाइम आणि झोंडेक यांना वाटत होते. ते प्रत्यक्षात वारेतून तयार होते, हे अमेरिकेत जॉर्जिआना सीगर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले. पण पहिला समज अगदी निराधारही नव्हता. एचसीजी या नावाने आज ओळखले जाणारे हे संप्रेरक आणि पीयूष ग्रंथीचे एलएच हे संप्रेरक यांची रचना इतकी मिळतीजुळती आहे की अंडाशयाला दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. दोन्हींचा अल्फा हा भाग सारखा असून वेगळेपण असते ते बीटा भागात. प्राण्यांवरील चाचणीला हा भेद ओळखण्याचा मार्गच नव्हता.

पुढे दक्षिण आफ्रिकेतील एका बेडकीला लघवी टोचल्यास ती काही तासांतच अंडी घालते असे दिसून आले आणि प्राणी न मारता तोच पुन्हा वापरता येऊ लागला. १९४७ मध्ये अर्जेंटिनाच्या गाल्ली मायनिनी यांनी नर भेकावरची, आणखी जलद पद्धत दिली. १९६० मध्ये स्वीडनमधील वीडे आणि गेम्झेल यांनी प्राणी हा प्रकारच संपवला. एचसीजीला चिकटणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) आणि लाल रक्तपेशी यांचा वापर करून त्यांनी काचेच्या नळीतच उत्तर मिळवले. तरीही एलएचशी होणारा घोळ राहिलाच. तो सोडवणारे पाऊल १९७२ मध्ये पडले. अमेरिकेतील ज्युडिथ वैटुकायटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ बीटा भाग ओळखणारी तपासणी प्रसिद्ध केली. ‘बीटा एचसीजी’ असे आजच्या प्रयोगशाळेच्या कागदावर लिहिलेले असते ते याच कारणाने. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची रीत शोधली आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका टप्प्यात होणारी पट्टी बाजारात आली.

चाचणी घरी नेण्याची कल्पना मात्र डॉक्टरांची नव्हती. मार्गारेट क्रेन या आरेखनकार तरुणीने १९६७ मध्ये न्यू जर्सीतील औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नळ्यांच्या रांगा पाहिल्या आणि हे काम स्त्रीला स्वतः करता येईल असा संच बनवला. तो कॅनडात १९७१ पासून, तर अमेरिकेत १९७७ पासून विकला जाऊ लागला. स्त्रियांना निकाल वाचता येणार नाही, हा तेव्हाचा एक मोठा आक्षेप होता. आज सातपुड्याच्या पाड्यांवर हीच चाचणी घरात होते, हे पाहता तो आक्षेप अवाजवी होता असेच म्हणावे लागते.

पट्टीचे काम असे चालते. लघवी कागदातून पुढे सरकताना सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेली प्रतिपिंडे सोबत घेते. एचसीजी असेल तर ते या कणांसह ‘टी’ (टेस्ट, म्हणजे चाचणीच्या) रेषेपाशी अडकते आणि गुलाबी-लाल रेघ उमटते. उरलेले कण ‘सी’ (कंट्रोल, म्हणजे पट्टी नीट चालल्याची खूण असलेल्या) रेषेपाशी थांबतात. म्हणून ‘सी’ रेघ आलीच नाही तर निकाल ‘नाही’ असा नसून चाचणीच वाया गेलेली असते. दोन्ही रेघा आल्या तर एचसीजी आहे. ‘टी’ रेघ फिकट असली तरीही, मात्र ती ठरवून दिलेल्या वेळेत आणि रंगासह उमटलेली हवी. पट्टी तासाभराने उचलून पाहिली तर वाळल्यामुळे दिसणारी राखाडी छटा फसवू शकते.

बहुतेक पट्ट्या मिलिलिटरमागे सुमारे २५ मिली-आंतरराष्ट्रीय एककांपासून पुढे एचसीजी ओळखतात. गर्भ रुजल्यावर हे प्रमाण साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. त्यामुळे पाळीच्या तारखेआधी केलेली चाचणी निगेटिव्ह आली तर तीन-चार दिवसांनी, सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा करावी. खूप पाणी पिऊन केलेल्या चाचणीत लघवी पातळ होऊन रेघ दिसेलच असे नाही. उलट प्रसूती किंवा गर्भपातानंतर काही आठवडे, तसेच वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचे इंजेक्शन घेतले असल्यास, गर्भ नसतानाही दोन रेघा येऊ शकतात. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत रुजला असला तरी पट्टी बहुधा पॉझिटिव्हच येते. तेव्हा पोटात एका बाजूला दुखणे, रक्तस्राव किंवा चक्कर असेल तर पट्टीवर विसंबून न राहता ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते.

खानदेशापुरत्या दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात. बहुतेक किटांवर ३० अंशांपर्यंतच्या तापमानात ठेवण्याची सूचना असते, तर मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या घरात ठेवलेल्या पट्टीची ‘सी’ रेघ म्हणूनच नीट पाहावी. दुसरे म्हणजे रेघेच्या गडदपणावरून मुलगा-मुलगी ओळखता येत नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव हा राज्यातील सर्वांत कमी बालिका-प्रमाण असलेल्या जिल्ह्यांपैकी एक ठरला होता, त्यामुळे हे स्पष्ट लिहिणे गरजेचे वाटते.

नंदुरबार-धुळ्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात. निघण्यापूर्वी चाचणी झाली तर आरोग्य उपकेंद्रात नोंदणी, हिमोग्लोबिन आणि आदिवासी भागात आवश्यक अशी सिकलसेलची (रक्तातील आनुवंशिक आजाराची) तपासणी गावातच उरकता येते. पट्टी किती महिने झाले ते सांगत नाही. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात, आणि तारीख आठवत नसेल तर परिचारिका ‘पोळ्याच्या आधी की नंतर’ असे विचारून ती काढते. गर्भ ठेवायचा नसेल, तर गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत कायद्याला पुरते, २० ते २४ आठवड्यांत ठराविक परिस्थितीतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते.