पर्यावरणशास्त्र आणि पर्यावरणाचे तत्त्वज्ञान

पर्यावरणाचा अभ्यास करायचा आहे, असे गोव्यातील विद्यार्थ्याने म्हटले की त्याला बहुधा पर्यावरणशास्त्राकडे वळवले जाते आणि पर्यावरणाचे तत्त्वज्ञान ही त्याच शास्त्राची प्रस्तावना असावी, असे गृहीत धरले जाते. या समजाला आपल्या अभ्यासक्रमांची मांडणीही खतपाणी घालते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या निर्देशांतून पुढे पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. त्यात परिसंस्था, प्रदूषण, जैवविविधता यांना स्वतंत्र प्रकरणे मिळाली, नीतीचा प्रश्न मात्र सामाजिक समस्यांच्या प्रकरणात एखाद्या ओळीपुरता उरला.

दोन्हींतला फरक खाणपट्ट्यात चांगला दिसतो. डिचोली किंवा सांगे तालुक्यात खाणींच्या कडेला टाकाऊ मातीचे जे डोंगर उभे आहेत, त्यांवर ठिकठिकाणी मूळची ऑस्ट्रेलियाकडची आकेशियाची झाडे लावलेली आहेत. या उतारांवरून पावसाळ्यात किती गाळ शेतांत आणि ओहोळांत उतरतो, मातीत सेंद्रिय अंश किती परतला, खाणीतले पाणी उपसल्याने भोवतालच्या विहिरींची पातळी किती खाली गेली, हे पर्यावरणशास्त्र नमुने घेऊन मोजते. तत्त्वज्ञान विचारते ते वेगळेच. समजा, उद्या त्याच जागी मूळचे जंगल त्याच प्रजातींसह हुबेहूब उभे करता आले, तर नुकसान भरून निघाले असे म्हणायचे का? रॉबर्ट इलियट या तत्त्वज्ञाने १९८२ मध्ये याचे उत्तर नकारार्थी दिले. हुबेहूब नकलेला मूळ चित्राचे मोल येत नाही, कारण चित्र कसे घडले यावरही त्याचे मोल ठरते, आणि निसर्गाचेही तसेच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात दुसरीकडे वनीकरण करण्याची आपली सरकारी पद्धत नेमके उलटे गृहीत धरून चालते, आणि ते गृहीत बरोबर की चूक हे कोणत्याही प्रयोगशाळेत ठरत नाही.

इलियट यांचे म्हणणे मला पुरते पटत नाही, आणि त्याला कारण आपली खाजने, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनी, आहेत. भरतीचे पाणी चढले की बांधातल्या मानशीची, म्हणजे पाण्याच्या झडपेची, लाकडी दारे पाण्याच्याच दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात. बांध माणसाने घातले, गावकारीने, म्हणजे गावाच्या सामुदायिक संस्थेने, पिढ्यान्‌पिढ्या राखले, आणि त्यांच्या आधाराने भातशेती, मासळी, कांदळवन हे सगळे एकत्र नांदले. मनुष्याचा हात लागला की निसर्गाचे मोल घटते, हे खरे मानले तर खाजनाला काय म्हणायचे? मोल उगमात आहे की माणूस आणि जमीन यांच्यातल्या नात्यात आहे, हा वाद इथे खऱ्या अर्थाने रंगतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात विद्यार्थ्याने करायचे असते ते हेच: एखादे तत्त्व घ्यायचे, त्याला अडचणीत आणणारे उदाहरण शोधायचे आणि तत्त्व सोडायचे की सुधारायचे हे कारणे देऊन ठरवायचे.

इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्ये घेतलेला आक्षेपही याच जातीचा होता. माणसाविरहित अरण्याची अमेरिकी कल्पना भारतात आणली की राखीव क्षेत्राची किंमत तिथल्या गरिबांना मोजावी लागते, असे त्यांनी दाखवून दिले. म्हादई अभयारण्यात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२३ मध्ये दिला, तेव्हा तिथल्या सत्तरी तालुक्यात जो वाद उठला, तो समजून घ्यायला वाघांची गणना आवश्यक आहे. पण पुरेशी नाही.

गोवा विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. ज्याला क्षेत्रकाम आणि आकडेवारी यांत रस आहे, त्याने शास्त्राचीच वाट धरावी. दुसरी वाट निवडणाऱ्याने मात्र शास्त्र टाळता येईल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण विहिरी का आटल्या हे ठाऊक नसलेल्याचा नैतिक युक्तिवाद पहिल्याच प्रश्नाला कोसळतो. एखाद्या प्रकल्पाच्या जनसुनावणीत धूळ, आवाज, पाणी यांच्या आकड्यांचा अहवाल वाचला जातो आणि मागून एखादी वृद्धा उठून सांगते की हा डोंगर आमच्या देवाचा आहे. अहवालात या वाक्याला रकाना नसतो. ते निव्वळ भावना म्हणून बाजूला सारायचे की निर्णयात धरावे असे कारण मानायचे, आणि कारण मानले तर देव न मानणाऱ्यावरही ते बंधनकारक ठरते का, हे तपासणे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.