परळची बाटली आणि बाळाचा ताप: लसीकरणानंतरच्या नोंदींची पार्श्वभूमी

परळच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या प्लेगच्या लशीची ५३-एन क्रमांकाची बाटली ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात उघडली गेली. त्या दिवशी गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि ते सगळे या एकाच बाटलीतून लस घेतलेले निघाले; बाकीच्यांना दुसऱ्या बाटल्यांतली लस मिळाली होती. खापर परळवर, म्हणजे ही लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्यावर फुटलं. प्रत्यक्षात मुल्कोवालमध्येच मदतनीसाच्या हातून जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बाटलीचं बूच काढलं होतं. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. त्यांच्यावरचा अन्याय आपण आवर्जून सांगतो, पण बाटलीवरच्या क्रमांकाकडे कोणाचं लक्ष जात नाही. तो टिपलेला नसता, तर उरलेल्या ८८ जणांना काही का झालं नाही, हा प्रश्नच उभा राहिला नसता. आजही लसीकरणानंतर बाळाला काही गंभीर झालं, की तपासात बॅच नंबर आणि त्याच कुपीतून डोस घेतलेली बाकीची बाळं आधी शोधली जातात.

लहान मुलांच्या बाबतीत हा धडा फार महागात पडला. जर्मनीतल्या ल्युबेक शहरात १९२९-३० मध्ये सुमारे २५० तान्ह्या बाळांना तोंडावाटे बीसीजी दिली गेली. ७२ बाळं गेली. प्रयोगशाळेतच क्षयाचे जहाल जंतू लशीत मिसळले होते. अमेरिकेत १९५५ मध्ये कटर कंपनीच्या पोलिओ लशीत जिवंत विषाणू राहून गेले. तिथे संशय लवकर आला, कारण सुई टोचली त्याच हाताला लुळेपणा येत होता.

आपल्याकडे सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ चा, पण देखरेखीला धार आली ती बरीच उशिरा. एप्रिल २००८ मध्ये तमिळनाडूच्या तिरुवल्लूर जिल्ह्यात गोवराची लस घेतलेली चार बाळं दगावली आणि देश हादरला. लसीकरणानंतरच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय समिती त्याच वर्षीची, त्या कामाचं सचिवालय २०१२ चं. मुंबईत औषधांच्या दुष्परिणामांची नोंद त्याआधीपासून होती: नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमात देशातली जी मोजकी केंद्रं निवडली गेली, त्यात परळचं केईएम रुग्णालय होतं. हाफकिन संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर!

हेल्थ पोस्टवर, म्हणजे वस्तीतल्या छोट्या आरोग्य केंद्रावर, गोवर-रुबेलाची कुपी पातळ केल्यावर सिस्टर तिच्यावर वेळ लिहिते आणि चार तासांनी उरलेली लस फेकून देते. लस वाया घालवते, असं वाटणाऱ्यांसाठी सांगतो: या लशीत जंतुरोधक नसतो, उघड्या कुपीत जंतू वाढतात आणि त्यांच्या विषाने बाळ काही तासांत दगावू शकतं. हातून होणाऱ्या चुका अजून संपलेल्या नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं; सुदैवाने सगळी बचावली.

खरा वाद मात्र चूक न सापडणाऱ्या मृत्यूंचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये कार्यकारणभाव, म्हणजे त्रास लशीमुळेच झाला का, हे ठरवण्याची पद्धत बदलली. लशीशी आधीपासून सिद्ध असलेला संबंध नसेल, तर या पद्धतीत त्रासाचं कारण लस धरली जात नाही आणि त्यामुळे नवा धोका निसटेल, अशी टीका पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लशीच्या संदर्भात भारतातल्याही काही बालरोगतज्ज्ञांनी केली. मला ती टीका वाजवी वाटते. पण एकेका बाळाच्या कागदांवरून तरी नवा धोका कळणार कसा? त्यासाठी लस न घेताही तोच आजार किती बाळांना होतो, हे आधी ठाऊक हवं.

रोटाशील्डचं प्रकरण नेमकं हेच सांगतं. अतिसारावरची ही लस अमेरिकेत १९९८ मध्ये आली. काही बाळांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकल्याच्या १५ नोंदी झाल्या, तेवढ्यावर १९९९ मध्ये तिचा वापर थांबवला आणि पुढे ती बाजारातून गेली. हा आजार तान्ह्या बाळांना एरवीही होतो. म्हणून भारतात नवी रोटाव्हायरस लस देताना निवडक रुग्णालयांत आतडं अडकलेल्या बाळांची मोजणी ठेवली गेली, आणि महाराष्ट्रात २०१९ मध्ये ही लस सुरू झाली तेव्हा काय शोधायचं, हे नेमकं ठाऊक होतं.