गुळाच्या फाइलीतला बेपत्ता दर

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाची गुळाची फाइल माझ्याकडे आली. एका ओळीत एक लॉट: गाव, रवे, क्विंटल, दर, मध्ये स्वल्पविराम. सरासरी दर काढायला मी पर्लमध्ये पंधरा-वीस ओळी खरडल्या. लॅरी वॉलने 1987 साली आणलेली ही भाषा आता म्हातारी झाली म्हणतात, पण मजकूर चाळायला अजून झकास.

उत्तर आलं, सोबत एक तक्रारही: 'यूज ऑफ अनइनिशियलाइज्ड व्हॅल्यू' (म्हणजे किंमत नसलेली गोष्ट वापरली), मग 'लाइन 14', आणि शेवटी पुन्हा 'लाइन 37'.

मी 14 वरच डोकं खाजवत बसलो. तिथे नुसता वजन गुणिले दर. बऱ्याच वेळाने उजेड पडला: 14 ही प्रोग्रॅमची ओळ, 37 ही फाइलीतली, नुकतीच वाचलेली. तिथे होतं 'शिरोळ,40,12,'. शेवटच्या स्वल्पविरामापुढे काहीच नाही.

दिवाणजींना फोन लावला. "सौदाच निघाला नाय अजून, दर काय लिहू?" बरोबरच आहे.

पण मग रकाना रिकामा मिळायला हवा, बेपत्ता कसा? ही पर्लच्या स्प्लिट या आज्ञेची करामत. ओळ फोडून तुकडे यादीत, म्हणजे अ‍ॅरेत भरताना शेपटाकडचे रिकामे तुकडे ते टाकून देतं. ओळीअखेरचं चिन्ह चॉम्प या आज्ञेने आधीच काढलेलं, म्हणून चौथा तुकडा रिकामा ठरला आणि गेला. नसलेला तुकडा मागितला की पर्ल 'अनडेफ', म्हणजे 'किंमतच नाही', हातावर ठेवतं आणि गुणाकारात त्याला शून्य धरतं. समजा 10 क्विंटल 4000 दराने गेला आणि 10 क्विंटल पडून आहे, तर सरासरी निघते 2000. हा आकडा यार्डात सांगून बघा!

स्प्लिटला मर्यादा म्हणून -1 दिलं, की रिकामे तुकडे टिकतात. दिलं, तर तक्रार फक्त बदलली: आता 'इजन्ट न्यूमरिक'. रिकामी अक्षरमाळ हा काही आकडा नव्हे. -1 न देता, 2007 च्या 5.10 आवृत्तीपासून दोन तिरक्या रेघा (//) मारून अनडेफच्या जागी शून्य बसवता येतं. इशारा गप्प होतो, सरासरी मात्र चुकलेलीच राहते.

शेवटी डिफाइन्ड (किंमत आहे का) आणि लेंग्थ (ती रिकामी तर नाही ना) तपासून दर नसलेले लॉट हिशेबाबाहेर काढले आणि वेगळ्या फाइलीत टाकले. दिवाणजी आता सरासरीआधी तीच फाइल मागतात.