एक मिलिअँपिअर चांदी

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातून स्टॅन जोन्स 2002 साली सिनेटची निवडणूक लढवत होते, तेव्हा त्यांचा चेहरा निळसर राखाडी झालेला होता. 2000 साल उजाडताच संगणक कोलमडतील आणि अँटिबायोटिक्स मिळेनाशी होतील, या भीतीने त्यांनी घरीच चांदीचं पाणी बनवून प्यायला सुरुवात केली होती. करंट नीट सांभाळला की असं पाणी निर्धोक होतं, असं आजही ठासून सांगितलं जातं. करंट सांभाळायला हवा हे खरंच, आणि त्यामागचं विज्ञान मला फार आवडतं. निर्धोकपणाचा दावा मात्र साफ खोटा आहे.

यंत्र साधं असतं. डिस्टिल्ड वॉटर, त्यात शुद्ध चांदीच्या दोन तारा आणि 9 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकसरीत जोडून 27 व्होल्ट. धन तारेवरचा चांदीचा अणू एक इलेक्ट्रॉन तारेतच सोडतो आणि आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, होऊन पाण्यात उतरतो. ऋण तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात.

डिस्टिल्ड पाण्यातून वीज जेमतेम वाहते, त्यामुळे सुरुवातीला करंट नगण्य असतो. पण तयार होणारे आयनच वीज वाहून नेतात. लिटरमागे 10 मिलिग्रॅम चांदी उतरेपर्यंत पाण्याची वाहकता दहापटीहूनही वाढू शकते. व्होल्टेज तेवढंच, म्हणून ओहमच्या नियमाने करंट चढतो. चढलेला करंट आणखी आयन सोडतो, आणि करंट आणखी चढतो. मग ऋण तारेवर चांदी काळ्या बुरशीसारखी साचते, तिचे तुकडे गळतात आणि तळाशी गाळ बसतो.

27 हजार ओहमचा रेझिस्टर एकसरीत टाकला, तर तारा एकमेकींना टेकल्या तरी करंट 1 मिलिअँपिअरपलीकडे जात नाही. पण ही फक्त वरची मर्यादा झाली; तिच्याखाली करंट बदलतच राहतो. एलएम334 ही छोटी आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप, स्वतःवरचं व्होल्टेज कमीजास्त करून करंट एकाच जागी धरते. तिला 68 ओहमचा रेझिस्टर जोडला की साधारण 1 मिलिअँपिअर मिळतो. सगळ्यांच्या ओळखीची एलएम317 इथे चालत नाही, कारण नियमन टिकवायलाच तिला काही मिलिअँपिअर लागतात. करंट स्थिर झाला की दोन तारांमधलं व्होल्टेज हळूहळू उतरतं, आणि साध्या मल्टिमीटरवर पाण्याची वाढती वाहकता वाचता येते!

आता किती विद्युतभार वाहिला यावरून किती चांदी सुटली हे सांगणारा फॅराडेचा नियम लावता येतो. विद्युतभार कूलोंबमध्ये मोजतात. 96,485 कूलोंबला 107.87 ग्रॅम चांदी सुटते. 1 मिलिअँपिअर तासभर वाहिला की 3.6 कूलोंब, म्हणजे 4 मिलिग्रॅम. पाव लिटर पाण्यात हे लिटरमागे 16 मिलिग्रॅम झालं. प्रत्यक्षात काही चांदी ऋण तारेवर परत बसते, आणि चांदीचे आयन हायड्रॉक्साइडशी मिळून बनणारं सिल्व्हर ऑक्साइड लिटरमागे सुमारे 13 मिलिग्रॅमच विरघळतं.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात चांदीची मर्यादा लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 1999 सालीच कोलॉइडल सिल्व्हरची, म्हणजे अशाच चांदीच्या पाण्याची, औषधं सुरक्षित किंवा गुणकारी मानता येत नाहीत असं जाहीर केलं, तरी 2020 मध्ये कोविडवरचा उपाय म्हणून ती विकणाऱ्यांना इशारे द्यावे लागले. भाजलेल्या जखमेवर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिन हे खरं औषध आहे. ते वरून लावायचं असतं. पोटात गेलेली चांदी थोडी थोडी त्वचेत साठते, आणि जुन्या फोटो फिल्मवर व्हायची तीच प्रक्रिया उजेडात तिथे होते. ती चांदी शरीराबाहेर काढणारं औषध नाही. लेसरने रंग काही जणांचा फिका होतो, एवढंच.